इंची, एमएम आणि पायथन

आडसाली लावणीच्या तोंडावर आष्ट्यातल्या पाईप-फिटिंगच्या दुकानात तासभर बसलं तर सॉफ्टवेअरची निम्मी शिकवणी तिथेच होते. एक शेतकरी येतो, फुटलेला तुकडा काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "मोटरकडनं आट्याचं आलंय, फुडं त्रेसष्टची पाईप हाय." दुकानदार एवढंच विचारतो, "आटं आत हायत का भाईर?" आत आहेत म्हटल्यावर तो एमटीए काढून देतो. या तुकड्याला एका तोंडाला बाहेरून आटे असतात आणि दुसरं तोंड गुळगुळीत, त्यात सोल्युशन लावून पाईप बसवायची. मोटर कोणत्या कंपनीची, विहिरीला पाणी किती, ऊस को ८६०३२ आहे की दुसरा कुठला, यातलं काहीही दुकानदाराला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. त्याला फक्त दोन तोंडं जुळवायची असतात.

मी पोटापाण्यासाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहितो. आमच्या धंद्यात 'कंपोनंट' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो आणि नवीन मुलं तो ऐकून बिचकतात. कंपोनंट म्हणजे प्रोग्रॅमचा असा भाग, जो आपलं एक काम पुरं करतो आणि ज्याची दोन्ही तोंडं स्पष्ट असतात: आत काय येणार, बाहेर काय जाणार. मोठं सॉफ्टवेअर अशा शेकडो भागांचं बनतं. एकेक भाग लिहिणं फारसं अवघड नसतं. वेळ जातो तो सांध्यांवर, आणि गळतीही तिथूनच होते. हे सांधे सोपे करण्यासाठी पायथन वापरणाऱ्या लोकांनी गेली पंचवीस-तीस वर्षं जे खटाटोप केले, ते मला या भाषेतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

उदाहरण आपल्याच नदीचं घेतो. आष्ट्यापासून वीसेक किलोमीटरवर सांगलीचा आयर्विन पूल आहे, १९२९ सालचा. पावसाळ्यात अख्खा जिल्हा त्या पुलाजवळच्या पट्टीवरचा आकडा विचारत असतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, तेव्हापासून तर हा आकडा घराघरात पाठ झाला. माझी मावशी सांगलीत गावभागात राहते. तिच्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: नदीची पातळी घ्यायची, ४० आणि ४५शी ताडून बघायची, आकडा ओलांडला की मोबाईलवर निरोप पाठवायचा.

पहिल्यांदा लिहिला तेव्हा सगळं एकाच लांबलचक तुकड्यात होतं. पातळी आणणं, तपासणं आणि निरोप धाडणं अशी तिन्ही कामं एकमेकांत अडकलेली. पातळी आणायची जागा बदलली तेव्हा निरोपाच्या ओळीही बदलाव्या लागल्या. एसएमएसऐवजी दुसरा मार्ग घ्यायचा ठरला तेव्हा तपासणीच मोडली. ड्रिपमध्ये कुणी मेन, सबमेन आणि लॅटरल एकाच नळीतून ओतून काढलं असतं तर जे झालं असतं तेच: एक ड्रीपर तुंबला की अख्खी ओळ उपटायची. प्रत्यक्षात सबमेनला भोक पाडून ग्रोमेट बसवतात, त्यात टेक-ऑफ आणि टेक-ऑफला १६ एमएमची नळी. उंदरानं नळी कुरतडली तर तेवढाच तुकडा कापून जॉइनर टाकला की भागतं.

मग मी तीन भाग वेगळे केले. एक पातळी आणणारा, त्याला वाचक म्हणू. दुसरा पारख करणारा. तिसरा निरोप्या. आता प्रश्न उरतो की पारख्याला वाचक कुठून मिळणार? सोपा वाटणारा मार्ग म्हणजे पारख्यानंच आत जाऊन वाचक शोधून आणायचा. पण तसं केलं की दोघांची पुन्हा गाठ बसते. चांगला मार्ग म्हणजे वाचक बाहेरून त्याच्या हातात द्यायचा. पायथनमध्ये फंक्शन हीसुद्धा एक वस्तूच असते. आकडा जसा दुसऱ्याच्या हवाली करता येतो तसंच फंक्शनही करता येतं. म्हणून पारख्याला सांगायचं: हा घे वाचक, हा घे निरोप्या, तू फक्त ताडून बघ. या साध्या गोष्टीला संगणकाच्या पुस्तकांत 'डिपेंडन्सी इंजेक्शन' असं भारदस्त नाव आहे. नावाला घाबरून कित्येक विद्यार्थी ते प्रकरण सोडून देतात याचं मला वाईट वाटतं, कारण पायथनमध्ये ते करायला फंक्शनच्या कंसात एक नाव जास्त लिहावं लागतं, बस्स.

इथे पायथनचा स्वभाव समजून घ्यायला हवा. गिदो व्हान रोसम यांनी १९८९च्या डिसेंबरात ही भाषा लिहायला घेतली आणि १९९१च्या फेब्रुवारीत ती जगापुढे ठेवली. जावासारख्या भाषेत एक भाग दुसऱ्याला जोडायचा तर आधी करारनामा लागतो: अमुक नावाचा इंटरफेस, त्यात अमुक कामं आणि मी तो पाळतो अशी वर्गाच्या (क्लासच्या) माथ्यावर जाहीर नोंद. नोंद नसेल तर भाग काम करण्याजोगा असूनही कंपायलर त्याला आत घेत नाही. पायथन कुणाची जात-पात विचारत नाही. 'पातळी दे' म्हटल्यावर पातळी देतोस ना, मग तू वाचक. फाईल वाचणारा असो, इंटरनेटवरून आणणारा असो की हातानं टाकलेला आकडा परत देणारा असो. आष्ट्याचा दुकानदारही तेच करतो. फिटिंगवरचा शिक्का बघण्याआधी तो आटे बसवून बघतो.

ही मोकळीक छोट्या प्रोग्रॅमला मानवते. भाग शेकडो झाले आणि लिहिणारी माणसं वीस-पंचवीस झाली की कुठल्या तोंडाला काय बसतं हे कुणाच्याच डोक्यात राहत नाही. पायथनच्या जगात ही अडचण बरीच आधी आणि गंभीरपणे ज्यांनी हाताळली ते 'झोप' नावाच्या प्रकल्पाचे लोक. अक्षरं आपल्या झोपेची असली तरी अर्थाशी संबंध नाही. वेबसाइटी बांधण्याचं हे अवजार १९९८ साली सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या आधीच्या रचनेत एकेक वस्तू डझनभर वर्गांचे गुण वारशानं घेऊन इतकी जड झाली होती की कुठलं काम कुठून आलं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. म्हणून २००४ साली आलेल्या झोप ३मध्ये सगळी मांडणी नव्यानं केली. वस्तू हलक्या ठेवायच्या, प्रत्येकीनं कोणती कामं करायची ते इंटरफेस म्हणून लिहून ठेवायचं आणि दोन न जुळणाऱ्या तोंडांमध्ये ॲडॅप्टर बसवायचा. आपल्या एमटीएमधला शेवटचा 'ए' तोच आहे, ॲडॅप्टर. कुठल्या तोंडाला कोणता ॲडॅप्टर लागतो याची एक मध्यवर्ती नोंदवही असायची. प्रोग्रॅम नोंदवहीला विचारायचा: माझ्याकडे अमुक आहे, मला तमुक हवंय, काय लावू?

विचार उत्तम होता आणि आजही आहे. त्या मांडणीतलं इंटरफेसचं पॅकेज पुढे ट्विस्टेड आणि पिरॅमिड यांसारख्या झोपबाहेरच्या प्रकल्पांनीही घेतलं. पण नोंदवही भरायची रीत जाचक झाली. भाग पायथनमध्ये लिहायचा आणि त्याची जोडणी दुसऱ्या फाईलमध्ये, एक्सएमएलच्या कोनी कंसांत लिहायची. दहा ओळींच्या कामामागे दहा ओळींची नोंद. भागाचं नाव बदललं आणि नोंदीत बदलायचं राहिलं की सगळं बंद. शेतकऱ्याला एमटीए घेताना प्रत्येक वेळी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर फिटिंगची नोंद करायला लावली तर तो दुकानाची पायरी चढणार नाही. माणसं खरोखरच कंटाळून दुसरीकडे जाऊ लागली.

२००६च्या सुमाराला मार्टिन फासन आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर 'ग्रोक' नावाचा उतारा काढला. प्रकल्पाचं बोधचित्र गुहेत राहणारा आदिमानव होतं. त्यालाही वापरता यावं इतकं हे सोपं करायचं, असा त्यामागचा निर्धार. खालची यंत्रणा तीच ठेवली, नोंदवहीही तीच. फक्त नोंद करण्याचं काम माणसाकडून काढून यंत्राला दिलं. ग्रोक तुमच्या फाईली स्वतः चाळतो. हा वर्ग ॲडॅप्टरच्या जातीचा दिसतोय, मग तो ॲडॅप्टर म्हणून नोंदव. या फाईलमध्ये एकच मॉडेल (माहिती ठेवणारी वस्तू) आहे, मग इथला व्ह्यू (ती दाखवणारा भाग) त्याचाच असणार. जे उघड दिसतं ते सांगायला लावायचं नाही आणि जे वेगळं असेल तेवढंच एका ओळीत सांगायचं.

ग्रोक आज फारसं कुणी वापरत नाही, पण त्यातली रीत सगळीकडे मुरली आहे. २०१०पासून प्रचलित झालेल्या फ्लास्कमध्ये फंक्शनच्या डोक्यावर 'ॲट' चिन्हाची एक ओळ लिहिली की वेबपत्ता आणि फंक्शन जोडले जातात. भाग आणि त्याची जोडणी एका जागी दिसतात, वाचणाऱ्याला दोन फाईली शेजारी धरून बसावं लागत नाही. माझ्या मते सोपेपणाची खरी कसोटी हीच. ओळी किती कमी झाल्या याला मी कमी महत्त्व देतो. सहा महिन्यांनी परक्या माणसाला सांधा सापडतो का, हे मी आधी बघतो.

महाराष्ट्रात याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला आयआयटी मुंबईत दिसतं. तिथल्या एरोस्पेस विभागातले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे 'मायावी' या सॉफ्टवेअरचे जनक. शास्त्रज्ञांच्या आकड्यांतून त्रिमितीय चित्रं काढण्याचं हे काम खाली व्हीटीके नावाच्या मोठ्या लायब्ररीवर चालतं. व्हीटीकेमध्ये चित्र काढायचं म्हणजे शब्दशः पाईपलाईन टाकायची: आकड्यांचा उगम, मग गाळणी, मग आकार देणारा, मग रंगवणारा, आणि प्रत्येकाचं तोंड पुढच्याला हातानं जोडायचं. मायावीत तेच चित्र एका ओळीत निघतं आणि आतली पाईपलाईन तरीही उघडून बघता येते, मधली गाळणी बदलता येते. सोपं केलं म्हणजे झाकून टाकलं असं झालेलं नाही, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं.

त्यांच्याच गटानं वाढवलेलं पायएसपीएच तर आपल्या नदीच्या आणखी जवळचं. पाण्याचा प्रवाह म्हणजे असंख्य कणांचा मेळा असं मानून गणित करण्याची एसपीएच ही पद्धत १९७७ साली ताऱ्यांच्या अभ्यासासाठी निघाली. लुसी यांनी, तसंच गिंगोल्ड आणि मॉनघन यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. धरणाची भिंत एकदम काढली तर पाणी कसं धावेल, हा या पद्धतीतला ठरलेला पहिला धडा, आणि पायएसपीएचच्या सोबत येणाऱ्या उदाहरणांतही तो आहे. असे हिशेब वेगानं व्हायचे तर एरवी सी किंवा सी++मध्ये हजारो ओळी लिहाव्या लागतात. पायएसपीएचमध्ये संशोधक प्रत्येक समीकरण एका छोट्या पायथन वर्गात लिहितो. सुरुवातीला काय करायचं, शेजारच्या प्रत्येक कणासाठी काय करायचं, शेवटी काय करायचं, अशा ठरलेल्या नावांची फंक्शनं लिहायची. जे लागत नसेल ते सोडून द्यायचं.

सांधा जुळतो तो नावांतून. फंक्शनच्या कंसात 'डी'नं सुरू होणारं नाव लिहिलं तर ती राशी ज्या कणावर परिणाम होतोय त्याची. 'एस'नं सुरू झालं तर ज्या कणामुळे परिणाम होतोय त्याची. कंसातली नावं वाचून पायएसपीएच स्वतःच योग्य आकड्यांच्या रांगा आणून देतं आणि मग त्या पायथनचं वेगवान कोडमध्ये भाषांतर करतं, एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर किंवा ग्राफिक्स कार्डावर चालेल असं. संशोधकानं डोकं चालवायचं ते समीकरणात. नळ्या जोडायचं काम यंत्राचं.

आष्ट्याच्या आमच्या भागात अभियांत्रिकी शिक्षणाची वाण नाही. सांगलीला वालचंद कॉलेज १९४७पासूनचं, खुद्द आष्ट्यात अण्णासाहेब डांगे कॉलेज १९९९पासूनचं, पलीकडे साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथनचे धडे आहेत आणि त्या प्रकल्पातले धडे मराठी आवाजातही मिळतात. तरीही पायथन येतं म्हणणाऱ्या मुलांशी बोलताना जाणवतं की त्यांनी भाषा शिकलेली असते, भाग पाडणं शिकलेलं नसतं. एकेका प्रोग्रॅमच्या चारशे ओळी सलग लिहितात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी रानात ड्रिप आहे, आणि खताची व्हेंच्युरी मेनच्या बाजूला का काढतात, गाळणी तिच्या पुढे का हवी हे ती डोळे मिटून सांगतील. तेच डोकं इकडे वापरायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता सांध्याच्या अवघड बाजूकडे येतो. तोंडाला तोंड बसलं म्हणजे सांधा जुळला असं नाही. दुकानात जिला 'दोन इंची' म्हणतात आणि जिला 'त्रेसष्टची' म्हणतात ती पाईप एकच. इंचीत आतला पोकळ व्यास धरलेला असतो, एमएममध्ये बाहेरचा. हे ज्याला ठाऊक नाही तो दोन इंचांचे ५०.८ एमएम करून पन्नासची पाईप घेऊन जाईल आणि बांधावर जाऊन कपाळाला हात लावेल. १९९९च्या सप्टेंबरात नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झालं ते असल्याच सांध्यावर: जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरनं आकडे पौंडांच्या मापात दिले, घेणाऱ्या भागानं ते न्यूटनच्या मापात समजले. दोन्ही भाग आपापल्या मापात हिशेब करत होते.

माझ्या नदीच्या प्रोग्रॅममध्ये हा धोका उंबऱ्यावरच उभा होता. आयर्विनचा आकडा फुटांत आणि इंचांत सांगतात. केंद्रीय जल आयोग नदीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो. अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीचा आकडाही मीटरमध्ये, ५१९.६० म्हणजे धरण भरलं. म्हणजे नुसतं ३.२८नं गुणून भागत नाही. आधी पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते वजा करायला हवं. हा सगळा हिशेब ना वाचकाचा, ना पारख्याचा. तो मधल्या ॲडॅप्टरचा. मीटरवाला वाचक तसाच ठेवायचा, फूटवाला पारखी तसाच ठेवायचा, मध्ये हा छोटा तुकडा.

त्याहून बारीक खोड इंचांची. लोक निरोपात '४४.११' असं लिहितात आणि त्यांना म्हणायचं असतं ४४ फूट ११ इंच, म्हणजे धोक्याला एक इंच कमी. पायथननं हा आकडा दशांश म्हणून घेतला तर धोक्याला जवळजवळ पावणेअकरा इंच बाकी दिसतात. कुठेही चूक दाखवली जात नाही. प्रोग्रॅम निवांत चालू राहतो, आणि पाणी उंबऱ्याशी आलेलं असतं. पायथनची जी मोकळीक मी वर वाखाणली, तिची ही किंमत आहे आणि ती मान्य करायला हवी. २०१५पासून पायथनमध्ये फंक्शनच्या तोंडाशी आत काय येणार, बाहेर काय जाणार हे लिहायची ठरलेली पद्धत आहे. २०१९च्या ३.८ आवृत्तीपासून 'प्रोटोकॉल' आलं: भागानं काय केलं पाहिजे ते एकदा लिहून ठेवायचं, पाळणाऱ्यानं सही करायची गरज नाही, तपासणारं वेगळं अवजार दोन्ही ताडून बघतं. तरीही ते अवजार 'आकडा आहे' इतकंच सांगेल, 'फूट आहे' हे आपण वेगळा प्रकार केल्याशिवाय सांगणार नाही. म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये नुसता आकडा सांध्यातून जात नाही. फूट आणि इंच असे दोन कप्पे असलेली छोटी वस्तू जाते.

त्या वस्तूची नावं मी देवनागरीत ठेवली आहेत: फूट, इंच, पातळी. पायथन ३मध्ये हे चालतं. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात, पण आपण ठेवलेली नावं आपल्या लिपीत असू शकतात. इतकंच काय, निरोपातून आलेलं '४५' हे देवनागरी अंकांतलं अक्षर आकड्यात बदलायला सांगितलं तर पायथन निमूट पंचेचाळीस करून देतो. कचेरीतल्या कामात मी अशी नावं वापरत नाही, सोबतचे सगळे मराठी नसतात. पण घरच्या प्रोग्रॅममध्ये 'फूट' हे नाव समोर दिसलं की मीटर आत शिरताना हात आपोआप थांबतो.

भाग वेगळे असल्याचा सर्वांत मोठा फायदा मला कळला तो एप्रिलमध्ये. पूर यायच्या आत प्रोग्रॅम चालतो का हे बघायचं होतं आणि नदीत तर गुडघाभर पाणी नव्हतं. मी खरा वाचक काढला आणि त्या जागी तीन ओळींचा खोटा वाचक बसवला, जो विचारलं की ४५ फूट १ इंच एवढंच सांगतो. पारख्याला यातलं काही कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. दोन मिनिटांत गावभागातून फोन आला.

"पाणी आलं काय रं?" मावशीचा आवाज कापत होता.

"नाही मावशे. नळीचं टोक उघडून पाणी येतंय का ते बघितलं फक्त."

पुढच्या खेपेला निरोप्याही खोटाच बसवायचा हे मी तेव्हाच ठरवलं.